मालसूनच्या वाट्याचं आयुष्य

थोंगयोंगच्या बंदरावर कालवं फोडण्याच्या शेडमध्ये मालसूनइतका चपळ हात कुणाचा नव्हता, आणि तिच्याइतकी जळकी बाईही नव्हती. शेजारणीचं घर दुमजली होवो की कुणाचा जावई गाडी घेवो, तिला त्याचं सोयरसुतक नसे. सगळा मत्सर तिने एकाच बाईसाठी राखून ठेवला होता, आणि त्या बाईचं तोंड हुबेहूब तिच्यासारखं होतं.

हेरिम तिची जुळी बहीण. दहा मिनिटं आधी जन्मली एवढ्या भांडवलावर अठ्ठावन्न वर्षं 'ताई' म्हणवून घेत आलेली. देगू शहरातल्या थोरल्या काकांना मूलबाळ नव्हतं, म्हणून दोघी वर्षाच्या झाल्यावर त्यांनी एक मुलगी मागून नेली. घरात सांगत ते असं: पहिल्या वाढदिवसाला दोघींपुढे रीतीप्रमाणे दोरा, लिहायचा कुंचला आणि तांदूळ मांडले; मूल जे उचलेल तसं त्याचं नशीब. हेरिमने कुंचला उचलला, मालसूनने तांदळात मूठ घातली. शिकणारी पोर शिकलेल्या घरी गेली आणि खाणारी आईपाशी राहिली. काकांनी मुलीचं नावसुद्धा बदलून झुळझुळीत ठेवलं. मालसूनचं मात्र तेच राहिलं, ज्याचा अर्थ 'शेवटची', म्हणजे आता मुली पुरेत! हेरिमने पुढे औषधांचं दुकान काढलं, पांढरा डगला घालून गल्ल्यामागे बसू लागली. मालसून प्राथमिक शाळा संपल्यावर सुरी घेऊन आईशेजारी शेडमध्ये उभी राहिली.

"एका मुठीपायी जन्म गेला माझा," ती म्हणे आणि सुरी अशी फिरवी की बाजूच्या बाया जरा सरकून उभ्या राहत.

नववर्षाला हेरिम घरी आली की मालसूनच्या डोळ्यात सगळंच खुपे. तो लोकरी कोट, ती मऊ बोटं. आई माशाचं पोट हेरिमच्या वाडग्यात घाली आणि मालसूनकडे डोकं येई.

"रोज मी सांभाळते, आणि पोट हिला?"

"अगं, ती पाहुणी आहे," आई म्हणे. हे ऐकून मालसून आणखीच जळे.

म्हणून त्या हिवाळ्यात बुसानच्या विद्यापीठातल्या सो बाई आल्या आणि वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास करायचा आहे म्हणाल्या, तेव्हा मालसूनने कागद न वाचताच सही केली. तिला एकच गोष्ट हवी होती. बहिणीची हुशारी जन्माची नसून घराची आहे, असं कुणीतरी शिक्का मारून सांगावं. म्हणजे ते दुकान, तो कोट हे सगळं आपलंही होऊ शकलं असतं, हे आईच्या तोंडावर म्हणता आलं असतं.

दोघींच्या परीक्षा आईच्याच घरी, एकाच दिवशी, एकाच वेळी, वेगळ्या खोल्यांत झाल्या. आकडे उलटे म्हणायचे, ठोकळे जुळवायचे, हाताची पकड मोजायची. बोटांचे ठसे घेताना मालसूनच्या बोटांवर रेषाच उठेनात. शिंपांनी सगळ्या खाऊन टाकल्या होत्या. शेजारच्या खोलीतून हेरिम पुसलेली, नीटनेटकी बोटं घेऊन बाहेर आली तेव्हा मालसूनने आपले हात पाठीमागे धरले.

"झालं ना? मग सांगा," ती सो बाईंना म्हणाली, "हिचं डोकं कुठून आलं? पोटातून की घरातून?"

"एका जोडीवरून ते सांगता येत नाही हो. शेकडो जोड्या लागतात. मग सगळ्यांचं मिळून काहीतरी कळतं."

"सगळ्यांचं घेऊन मी काय करू? माझं मला कोण सांगणार?"

सो बाईंनी वहीचं पान उलटलं. त्यांनी नियम सांगितला: आता आईची मुलाखत, आणि मुलींनी समोर बसायचं नाही. दोघी स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत बसल्या. मध्ये कागदी सरकतं दार, आणि आई कानाने अधू, त्यामुळे बाहेरचं सगळं ओरडूनच चाललेलं. नियमाचा काही उपयोग नव्हता.

"लहानपणी जास्त रडकी कोण होती?" सो बाईंनी विचारलं.

"मालसून! म्हणून तर ती परत आली."

मालसूनच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

"परत म्हणजे?" बाहेर सो बाईंनी विचारलं.

"पहिल्यांदा तीच दिली होती ना. कुंचला तिनेच धरला होता. दुसरी नुसती बघत बसली. थोरल्या जाऊबाईंनी मालसूनला उचललं आणि बसने घेऊन गेल्या. तीन दिवस कार्टी रडली. दूध नाही, पेज नाही, अंग तापलं. चौथ्या दिवशी दीर-जाऊ दोघं तिला घेऊन दारात हजर. जाऊबाई म्हणाल्या, ही नको बाई, ती द्या. मग ती दिली. ती नाही रडली."

"आणि मालसूनबाई सांगतात ती कुंचल्याची गोष्ट?"

"नंतर जुळवली. हेरिमला काय, बदली म्हणून नेली असं सांगायचं?"

सो बाईंनी पेन खाली ठेवलं. इतक्या जुन्या आठवणी आम्ही पुरावा धरत नाही, असं काहीसं त्या म्हणाल्या.

मालसूनला पुराव्याचं काय करायचं होतं? कुंचला तिचा होता. काका, शाळा, दुकान सगळं तीन दिवस तिचंच होतं, आणि तिने ते रडून घालवलं होतं. ती बहिणीकडे वळली. "ऐकलंस? माझ्या जागेवर बसलीस तू!" असं म्हणायला तिने तोंडही उघडलं. पण हेरिम उठली होती. तिने दार सरकवलं.

"आई, मी एकदाही रडले नाही?"

"एकदाही नाही. फार गुणाची होतीस."

"आणि रडले असते तर?"

आईने तिच्याकडे बघितलं.

"तर तुलाही आणलं असतं गं."

हेरिम, अठ्ठावन्न वर्षांची, लोकरी कोटातली, तिथेच जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. आई सरकत सरकत तिच्यापाशी गेली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाठ थोपटू लागली. मालसून दारात उभी राहून बघत होती. तिला बहिणीची दया यायला हवी होती, आणि थोडी आलीही. पण आईचा हात थांबेना, आणि मालसूनच्या पोटात असं दुखलं की आजवर कुठल्याही कोटासाठी तसं दुखलं नव्हतं.

"पुरे आता," ती म्हणाली. "आई माझी आहे."