उचलायचं नाही

मी घर सोडलं त्या दिवशी अप्पांनी मला तांब्या फेकून मारला. पितळी तांब्या, अर्धा पाण्याने भरलेला. मी उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं होतं, माय माझ्या हातावर दही घालत होती, आणि ओसरीवरच्या खाटेवरून तो सणसणत आला तो थेट माझ्या डाव्या भुवईवर बसला. दही, पाणी आणि रक्त एकदमच खाली सांडलं. अप्पा कमरेखाली लुळे होते, नऊ वर्षं खाटेला खिळलेले होते, पण खांद्यातला जोर कुठे गेला नव्हता. "जा, मर तिकडंच," ते ओरडले, "परत ह्या दारात तोंड दावू नगंस!" मायने टॉवेल माझ्या कपाळावर दाबला आणि मला जीपमध्ये अक्षरशः ढकललं. संतपूरहून बीदरला पोचेपर्यंत टॉवेल लाल झाला होता. मी ज्या दवाखान्यात नोकरी करत होते तिथल्याच मैत्रिणीने तीन टाके घातले, आणि कपाळावर पट्टी घेऊन मी हैदराबादचं विमानतळ गाठलं. इंग्लंडला उतरल्यावर नोकरीचा जो पहिला फॉर्म भरला त्यात एक प्रश्न होता, गेल्या तीन महिन्यांत डोक्याला मार लागला आहे का? मी 'नाही' लिहिलं.

हे लिहिते आहे ते तिकडे राहिलेल्यांसाठी, जे फोनवर "तुजं काय बाई, सुखात हायस" म्हणतात. आणि बीदरच्या कॉलेजातून नर्स होऊन इकडे यायला निघालेल्या पोरींसाठीही.

आमच्या घरात तोंडाआधी हात चालायचा. अप्पा बैलाला मारायचे, मायला मारायचे, मला आणि धाकट्या महेशला मारायचे, आणि बाहेरच्या कुणी आम्हाला बोट लावलं तर त्याचं डोकं फोडून यायचे. खाण तशी माती. सातवीत असताना माझी वेणी ओढणाऱ्या पोराचं नाक मी पाटीच्या कडेने फोडलं होतं. अप्पांनी त्याबद्दल मला मारलं आणि रात्री जेवताना माझ्या ताटात भाकरीचा पापुद्रा जास्तीचा टाकला.

ती खाट आली कशी, ते आता सांगते. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सोयाबीनच्या राशीला घरी आले होते. अप्पांच्या चुलतभावाने ट्रॅक्टरने आमचा बांध कोरला, नांगराची चांगली दोन तासं आत घुसून. अप्पा तिथे गेले ते बोलायला नव्हे. पहिला दगड त्यांनीच उचलला. चुलत्याचे दोन दात पडले, मग त्याच्या पोरांनी काठ्या काढल्या. मायच्या पाठीत एक बसली. मी एकाच्या दंडाला चावले, तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. तेवढ्यात कुऱ्हाडीचा दांडा अप्पांच्या कमरेत बसला आणि ते बांधावरून खालच्या ओढ्यात, दगडांवर उताणे पडले. "आज जित्ता सोडत न्हाई," असं ओरडत ते लोक वस्तीवरून आणखी माणसं आणायला पळाले.

अप्पा शुद्धीवर होते. माझ्याकडे बघत होते. अशा वेळी काय करायचं हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. उताण्या पडलेल्याला हलवायचं नाही, आधी पायाची बोटं हलतात का ते बघायचं, मग फळीवर सरळ घ्यायचं. हे सगळं पाठ असताना मी ओरडले, "उचला!" शेजारच्या रानातल्या एकाने त्यांच्या बगलेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले, मी कमरेला धरलं. मान लोंबत होती. तसंच ओढ्यातून वर काढलं, टमटममध्ये टाकलं आणि बीदर गाठलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून विचारलं, "ह्यांना असं कुणी उचललं?" माय म्हणाली, "लेकीनं उचला म्हनली." मणका पडण्याने गेला की उचलण्याने, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. अप्पांनी मात्र ते ठरवून टाकलं, आणि मीही.

त्यानंतर नऊ वर्षं, शिकताना आणि मग नोकरी करतानाही, मी रोज एसटीने बीदरला ये-जा केली. सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी परतल्यावर अप्पांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, जखम होऊ द्यायची नाही. ते शिव्या द्यायचे, कधी केस धरून ओढायचे. त्यांच्या पाठीवर एकही जखम झाली नाही, हा माझा एकुलता एक अभिमान. मी गेल्यावर वळवणार कोण, हे त्या तांब्यामागचं दुखणं होतं आणि ते मला तेव्हाही कळत होतं. तरी गेले. खरं सांगते, मला त्या खाटेवरच्या नजरेपासून लांब जायचं होतं.

आणि आले कुठे, तर जिथे सगळं नियमाने चालतं तिथे. इंग्लंडमधल्या एका लहानशा गावातलं हे म्हाताऱ्यांचं केअर होम. आपल्याकडे दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे ताकाचं तापमान मोजून वहीत लिहितात. चहात थर्मामीटर बुडवायचा, आकडा खाली आला की मग कप द्यायचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या नशिबी कायम कोमट धुवण. खिडकी चार बोटांच्या वर उघडत नाही, कुणी पडेल म्हणून. एका आजीच्या विणायच्या सुया काढून घेतल्या, टोचतील म्हणून. दोन पायऱ्यांच्या स्टुलावर चढायचं तर त्या स्टुलाचं वेगळं ट्रेनिंग. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. खोलीवर ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या की छतावरचा धूर ओळखणारा भोंगा केकाटायचा. तिसऱ्यांदा केकाटला तेव्हा मी खुर्चीवर चढून लाटण्याने तो फोडला, आणि तुकडे खाली पडल्यावर तुकड्यांनाही मारत राहिले. शेजारीण दारापर्यंत आली आणि हळूच परत गेली.

महेश आता बीदरजवळच्या कोळारला कारखान्यात आहे, घरूनच ये-जा करतो. तो हे ऐकून पोट धरून हसायचा. "आमच्याकडं बी हेल्मेट हाय की अक्का," म्हणायचा, "खुंटीला. साहेब आला की घालताव."

होममध्ये माझं पटलं ते एकट्या जॉर्जशी. चौऱ्याऐंशी वर्षांचा, जन्मभर डुकरं पाळलेला शेतकरी. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या मनगटावर कप हाणला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. त्याला सफरचंद हवं असायचं, कच्चकन चावून खायचं. पण गुदमरण्याचा धोका म्हणून त्याच्या नावाने एक फॉर्म भरलेला होता आणि त्याला सफरचंदाचा लगदा मिळायचा. तो लगदा भिंतीवर मारायचा. मी खिशातून सफरचंद न्यायचे, दार लोटून पातळ फोडी करायचे, आणि आम्ही दोघं चोरासारखे खायचो. एकदाही त्याला ठसका लागला नाही.

मागच्या जानेवारीत, दुपारच्या जेवणानंतर, जॉर्ज बागेकडच्या दारात पडला. अर्धा आत, अर्धा बाहेरच्या गार फरशीवर. मी धावले, तर मॅनेजर लिंडा माझ्या पुढे येऊन उभी राहिली. "उचलायचं नाही," ती म्हणाली. आमच्या होमचा नियम होता, पडलेल्याला हाताने कुणीही उचलायचं नाही, उचलायच्या यंत्रानेच उचलायचं. यंत्र दहा पावलांवर उभं होतं, चालू होतं, पण त्याच्यावरच्या तपासणीच्या चिठ्ठीची तारीख दोन दिवसांपूर्वी उलटून गेली होती. म्हणून तेही वापरायचं नाही. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर चार तास लागतील म्हणाले. मग जॉर्जवर एक पांघरूण टाकलं, आणि कुणीतरी त्याच्या डोक्याशी तो पिवळा फलक आणून उभा केला, पाय घसरण्याचा धोका आहे असं सांगणारा.

एक तास गेला. आम्ही पाच जणी भोवती उभ्या होतो. जॉर्जने आधी शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या, मग त्याची पँट ओली झाली आणि तो रडायला लागला. हाताने डुकरं कापलेला माणूस, पोरासारखा रडत होता. ओढ्यातल्या अप्पांकडे निदान तीन माणसं धावली होती. आमच्या गावात बांधावर नियम नव्हता आणि इथे नियमाच्या पलीकडे माणूस नव्हता, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं आणि मग डोकं चाललंच नाही.

पण हात चालले, आणि या वेळी ते नीट चालले. मी गुडघ्यावर बसले. मान चाचपली. मणक्यावरून एकेक बोट दाबत खाली आले. दुखतंय का? नाही. दोन्ही पाय सारखे आहेत का बघितलं. मग मोजे काढले आणि म्हटलं, जॉर्ज, बोटं हलव. दहाच्या दहा हलली. मी रडले की हसले, मला आठवत नाही.

त्याच्या पाठीमागे हात घालणार, तेवढ्यात लिंडाने माझं मनगट धरलं. "तुला समजत नाही का? हात लावू नकोस!" मी कोपर मारलं. तिचा ओठ फाटला, चष्मा औषधांच्या गाडीखाली गेला. ती परत आली, मी तिला भिंतीवर ढकललं आणि गळ्याशी धरून ठेवलं. बाकीच्या किंचाळत होत्या. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. नऊ वर्षांचं काहीतरी त्या हातात होतं, आणि ते लिंडाचं नव्हतं. मग मी तिला सोडलं, स्वयंपाकघरातल्या माणसाला हाक मारली, दोन खुर्च्या मागवल्या. जॉर्जला कुशीवर घेतलं, गुडघ्यावर आणलं, पुढच्या खुर्चीला त्याचे हात दिले, मागून आधार दिला आणि मागची खुर्ची खाली सरकवली. दोन मिनिटं लागली. बसल्यावर तो म्हणाला, "चहा. गरम." मी थर्मामीटर न लावता दिला.

चौकशी झाली. नोकरी, नर्सिंगचं लायसन्स, व्हिसा, सगळं पणाला लागलं होतं. लिंडा सुजलेल्या ओठाने माझ्यासमोर बसली होती. तिने पोलिसात तक्रार केली नव्हती. ती एवढंच म्हणाली, की तरुणपणी तिने एका बाईला घाईने बगलेत धरून उचललं होतं, आणि त्या बाईचा खांदा निखळला तो कायमचा. तिच्याही मागे एक बांध होता तर. मी माफी मागितली, ओठाबद्दल. उचलण्याबद्दल मागितली नाही. शेवटची ताकीद देऊन मला दुसऱ्या होममध्ये पाठवलं, आणि माणूस उचलण्याचं ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.

त्या ट्रेनिंगला जमिनीवर एक रबरी माणूस झोपवलेला होता. शिकवणारा म्हणाला, "आधी चुकीचं कसं उचलतात ते कोण दाखवेल?" मी उठले. दोघांना घेतलं. एकाला सांगितलं बगलेत हात घाल, दुसऱ्याला सांगितलं पाय धर, मी कमरेला धरलं. उचलला. त्याची मान लोंबायला लागली. "अगदी बरोबर," शिकवणारा म्हणाला आणि बाकीचे हसले. मी तो रबरी माणूस हळूच खाली ठेवला, त्याची मान सरळ केली आणि संडासात जाऊन भिंतीवर डोकं आपटत राहिले.

संध्याकाळपर्यंत न थांबता मी महेशला फोन केला, तिकडे तो नुकताच कारखान्यातली पाळी संपवून घरी आला होता. सगळं सांगितलं, जॉर्जचं, लिंडाचं, त्या रबरी माणसाचं. फोन स्पीकरवर होता हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षांत माझ्याशी एक शब्द न बोललेले अप्पा मागून म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला कसं उचललीस?"

मी सांगितलं. मान, मणका, मग पायाची बोटं हलवायला लावली, मग खुर्च्या.

"बोटं हलवायला लावलीस."

"व्हय, अप्पा."

"माजी बगितली न्हाईस."

"न्हाई, अप्पा. तुमची न्हाई बगितली."

 मायच्या भांड्यांचा आवाज थांबला. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

"त्ये काठ्या घिऊन यायलालते," अप्पा म्हणाले. "बोटं बगत बसली अस्तीस तर तितंच दोगं बी मेलो अस्ताव." मग घसा खाकरून म्हणाले, "कामून रडायलीस? कदी यायलीस ते सांग."

"येळवशीला."

"ये. तांब्या हितंच हाय, उशाला."

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला रानात करतात त्या सणाला, अजून महिना आहे. बॅग मात्र भरून झाली. तिच्यात एक गुळगुळीत चादर आहे, अंगाखाली सरकवली की एकटी बाईही जड माणसाला कुशीवर वळवू शकते, ती मायला शिकवायची आहे. घर म्हणजे काय असं इकडच्या पोरी मला विचारतात तेव्हा माझा हात आपोआप भुवईवरच्या खुणेवर जातो. या वेळी उंबरा ओलांडल्यावर तांब्या आला तर येऊ दे. मी आधी खाटेच्या पायथ्याशी बसणार आहे आणि अप्पांच्या पायाची बोटं बघणार आहे. ती हलणार नाहीत, मला माहीत आहे. तरी बघणार आहे.