माझा घटस्फोट हरवतो आणि सापडतो: मुलुंड ते बोरिवली, व्हाया घाटकोपर

लोक मानससरोवराला जातात, अंटार्क्टिकाला जातात आणि आल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये फोटो दाखवतात. मी मुलुंडहून निघालो आणि वांद्रे, घाटकोपर, अंधेरी असं करत बोरिवलीला पोचलो. पाच दिवस लागले. त्यात माझं वजन सात किलोंनी उतरलं. वजनकाटा वेगळं सांगतो, पण काट्याचं आता वय झालंय.

मी दत्ताराम परब, वय चोपन्न, औषधांचा फिरता विक्रेता. माझं लग्न शुक्रवारी ठरलं होतं. दुसरं. मुलगी, म्हणजे बावन्न वर्षांची मुलगी, बोरिवलीची नंदा. बँकेत आहे आणि तळटिपा वाचल्याशिवाय सही करत नाही. आम्ही विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली होती आणि तिची मुदत शुक्रवारी संपत होती; ती चुकली की पुन्हा नवी नोटीस. तिथल्या साहेबांनी माझ्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची मूळ प्रत मागितली. मी ती दिमाखात टेबलावर ठेवली. कडक, चकचकीत, लॅमिनेशन केलेली. पाणी लागू दे, चहा सांडू दे, काही होणार नाही.

साहेबांनी ती उजेडात धरली. "परब, वरचा नंबर कुठाय?"

तेव्हा मला कळलं की लॅमिनेशनवाल्याने चारही कडा सरळ दिसाव्यात म्हणून वरची पट्टी छान कापून टाकली होती. त्या पट्टीवर खटल्याचा नंबर होता, वर्ष होतं आणि कोर्टाच्या शिक्क्याचा वरचा अर्धा भाग होता.

"कोर्टातून नवी प्रत आणा," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर नंदा म्हणाली, "हे बघ दत्ता, माझं नाव त्या नोटिशीच्या बोर्डावर एकदा लागलं. पुन्हा महिनाभर लावायला मी काही नाटकाची जाहिरात नाही. शुक्रवारी झालं तर झालं. नाहीतर राहू दे."

ती रागावली नव्हती. म्हणून मला जास्त भीती वाटली.

सोमवारी सकाळी मी वांद्र्याला कौटुंबिक न्यायालयात हजर झालो. माझा वकील केव्हाच गावी आंब्याची कलमं लावायला गेला होता आणि त्याच्या फायली वाळवीने खाल्ल्या होत्या, त्यामुळे मी एकटाच. नक्कल विभागाच्या खिडकीपुढे रांग होती. अडीचशे माणसं तरी असतील. बरं, अकरा. खिडकीमागच्या मॅडम शांत होत्या.

"नंबर नाही तर नावावरून शोधू. वर्ष?"

"वीस वर्षं झाली बघा," मी म्हणालो.

"नाव?"

"दत्ताराम परब. नवऱ्याच्या नावाने शोधा."

त्यांनी संगणकात पाहिलं. मग कपाटातून एक जाडजूड नोंदवही काढून तिच्यातही पाहिलं. "या वर्षात तुमच्या नावाने काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे या वर्षात नाही."

मॅडम एवढंच म्हणाल्या. मी मात्र ऐकलं ते असं, की माझा घटस्फोट झालेलाच नाही, मी आजही विवाहित आहे आणि शुक्रवारी बोरिवलीत मला बेड्या पडणार आहेत. माझा चेहरा बघून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "दुसऱ्या पक्षाकडेही प्रत असेल ना? तिच्यावर नंबर असतो. त्यांना विचारा."

दुसरा पक्ष घाटकोपरला राहतो. दुसऱ्या पक्षाचं नाव विद्या.

मंगळवारी मुलुंडहून बस धरली. रस्ता असा खणलेला होता की भांडुपजवळ खाली बघितलं तर पाताळातले लोक वर बघत होते. विद्या घरगुती डबे पुरवते. जिन्यात पोचलो तर फोडणीचा वास असा आला की पहिल्या मजल्यावरचा कुत्रा डोळे मिटून उभा होता. तिच्या दारात मी आयुष्यात प्रथमच उभा होतो. भेट व्हायची ती नातेवाइकांच्या लग्नात, तीही लांबून मान हलवण्यापुरती.

दार उघडून ती म्हणाली, "कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग तू कसा?"

"लग्न करतोय."

"आत ये. चपला तिथे नको, इथे." मालवणच्या माणसाला आश्चर्य वाटलं तरी चपला सरळच लागतात. "कोणाशी?"

"नंदा. बोरिवलीची. बँकेत आहे."

"तिला सांगितलंस?"

"काय?"

"की तुझ्या बोलण्यातून निम्मं वजा करायचं असतं."

मी विषय बदलून कामाचं बोललो. ती ऐकत ऐकत तव्यावर घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) टाकत होती. "आधी खा मेल्या. उपाशी माणसाचा घटस्फोट सापडत नाही." मी चौदा घावणे खाल्ले. ती म्हणेल पाच. तिचा हिशोब नेहमीच कोता.

"तुझी प्रत दे ना," मी म्हणालो.

ती ओट्याजवळ गेली, मिक्सर उचलला आणि त्याच्याखालचा एक चकचकीत कागद ओल्या फडक्याने पुसून माझ्या हातात दिला. "हा ठेवल्यापासून मिक्सर हलत नाही."

मी वरची कड बघितली. सरळ कापलेली. नंबर नाही.

मग आम्हाला दोघांना एकदमच आठवलं. निकाल लागला त्या दिवशी प्रती घेऊन आम्ही कोर्टाबाहेर पडलो आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दोघंही. महत्त्वाचा कागद हातात आला की लॅमिनेशन करायचं, हे आमच्या दोन्ही घरांत गणपतीच्या आरतीइतकं पक्कं होतं. दुकानदाराने विचारलं होतं, "दोन्ही सारखे कापू ना?" आणि आम्ही दोघं म्हणालो होतो, "हो, सारखे कापा." नवरा-बायको म्हणून एकत्र केलेलं आमचं ते शेवटचं काम. म्हणजे तेव्हा नवरा-बायको नव्हतो, पण सवय गेली नव्हती.

विद्या हसायला लागली. हसता हसता खाली बसली. मला हसू येईना. "विद्या, वाट लागली माझी. शुक्रवार गेला तर नंदाही गेली."

तिने पदराने डोळे पुसले. "कोर्टात वर्ष काय सांगितलंस?"

"वीस वर्षं झाली म्हणून."

"अठरा झाली रे!"

"वीसच!"

"माझ्या भावाची मुलगी त्याच महिन्यात झाली. ती आता बारावीला आहे. नापास न होता." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू लोकांना वीस सांगतोस. ऐकायला बरं वाटतं म्हणून. आणि आता तुझं तुलाच खरं वाटायला लागलंय."

मी गप्प. माझ्या ओळखीच्या कोणालाही विचारा, हे वर्षातून एकदा होतं.

"आणि शोधायला नाव कोणाचं दिलंस?"

"माझं. नवऱ्याचं."

"अर्ज संमतीचा होता. पहिली अर्जदार मी. तू दुसरा. कागद इतकी वर्षं जपलास, वाचलास कधी?" तिने गॅस बंद केला. "चल. डबे गेलेत. चारला मसाला दळायचाय, तोवर मोकळी आहे. तुला एकट्याला सोडलं तर शंभर वर्षं सांगशील."

घाटकोपरहून मेट्रो. साकीनाक्यावरून जाताना खाली निळ्या ताडपत्र्या, पत्र्यांवर वाळत घातलेले कपडे, कारखान्यांच्या दारात उडणाऱ्या वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि वरून एक विमान इतकं खाली आलं की पायलटच्या मिशा मला दिसल्या. विद्या म्हणाली, "बाई होती." मरोळ नाक्याला उतरून आम्ही जमिनीखालची गाडी पकडली. तिथल्या सरकत्या जिन्याने माणूस इतका खोल जातो की मला वाटलं आता रत्नागिरी लागणार. वर येताना मी आत्मविश्वासाने चुकीच्या दाराकडे वळलो आणि वीस मिनिटं उन्हातून कोर्टाच्या उलट दिशेने आम्हाला चालवलं. विद्या एक शब्द बोलली नाही. लग्न टिकलं असतं तर फार बोलली असती.

खिडकीमागे त्याच मॅडम. विद्याने पुढे होऊन सांगितलं, "विद्या परब. अठरा वर्षांपूर्वीचं. संमतीचा अर्ज."

चार मिनिटांत नंबर सापडला. मॅडमनी नोंदवही फिरवून आमच्यापुढे धरली. शाईने लिहिलेली दोन नावं, आधी तिचं, मग माझं. आमचा संसार त्या वहीत दीड ओळीचा होता.

अर्जात 'प्रत कशासाठी हवी' असा रकाना होता. मी लिहिलं, लग्नासाठी. मॅडमनी वाचलं, मग आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पुन्हा एकमेकांशी?"

"नाही!" आम्ही एकाच आवाजात ओरडलो. मागची रांग दचकली. इतकं एकमत आमच्या लग्नात एकदाही झालं नव्हतं.

"गुरुवारी दुपारी या," मॅडम म्हणाल्या.

मसाल्याची वेळ झाली म्हणून विद्या तिथूनच निघाली. मी "थँक्यू" म्हणालो. ती म्हणाली, "तिचं नीट ऐक रे. बोलतोस छान तू. पण घरातल्या माणसाला सारखा श्रोता करून बसवलंस की माणूस दमतो." आणि ती जिना उतरून गेली.

गुरुवारी प्रत मिळाली. सहा पानं, ताजा शिक्का, वर ठसठशीत नंबर. ती छातीशी धरून मी अंधेरीला गाडी बदलली आणि बोरिवली गाठली. नंदाने चहा ठेवला, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. माझा चहा थंड झाला. तिचा तर तिने पाहिलाही नाही.

चौथ्या पानावर ती थांबली. "इथे लिहिलंय, उभयतांची एकमेकांविरुद्ध काहीही तक्रार नाही."

"हो."

"मग तिने तुझी बाजाची पेटी तिसऱ्या मजल्यावरून फेकली होती, ते?"

मी खिडकीबाहेर बघितलं. समोर राष्ट्रीय उद्यानाची हिरवी टेकडी होती. तिकडून एखादा बिबट्या आला असता तर विषय बदलता आला असता. आला नाही.

"पेटी नव्हती," मी म्हणालो. "तिसरा मजलाही नव्हता. आम्ही तळमजल्यावर राहायचो."

"मग काय झालं होतं, दत्ता?"

मी महिन्यातले बरेच दिवस फिरतीवर असायचो. घरी आलो की नागपूरच्या गोष्टी, कोल्हापूरच्या गोष्टी, तासन् तास. एकदा विद्या म्हणाली, तू आल्यापासून बोलतोयस, माझं कसं चाललंय ते एकदा तरी विचार. मी म्हणालो, विचारतो, आधी ही गोष्ट ऐक. असं सात वर्षं चाललं. बस, एवढंच.

हे सगळं मी नंदाला सांगितलं. असंच, दोन मिनिटांत. तिने कागद घडी करून पाकिटात घातला. मला वाटलं, आता पाकीट माझ्याकडे सरकवणार.

"मग विचार," ती म्हणाली.

"काय?"

"माझं कसं चाललंय ते."

मी विचारलं. ती दीड तास बोलली. बँकेतल्या नव्या साहेबाबद्दल, गुडघ्याबद्दल, आणि शुक्रवारची मला वाटत होती त्याहून जास्त भीती तिला वाटत होती त्याबद्दल. मी मध्ये एकदाही बोललो नाही. माझ्या हयातीतली ही सर्वांत अवघड चढाई, आणि हिचा आकडा मी वाढवलेला नाही. निघताना ती म्हणाली, "उद्या साडेदहा. उशीर केलास तर मी आत जाऊन एकटीच सही करीन."

शुक्रवारी साडेनऊलाच मी कार्यालयाच्या पायरीवर होतो. साहेबांनी नंबर तपासला, मान डोलावली. साक्षीदार तीन, पेढे अर्धा किलो. साडेअकराला आम्ही नवरा-बायको होतो.

संध्याकाळी पवईमार्गे बसने मुलुंडला परतलो. तलावावर ऊन उतरलं होतं. नंदाचा डोळा लागला होता आणि मी मांडीवर तिची पर्स धरून बसलो होतो. लांबच्या प्रवासाला निघताना लोक म्हणतात, परत आल्यावर सांग हं सगळं. मला पहिल्यांदा वाटलं, सांगायची घाई नाही.

सोसायटीच्या फाटकाशी शेजारचे तांबे काका उभे. "काय परब, आज कुठल्या मोहिमेवर?"

मी तोंड उघडलं. जिभेवर हत्ती होते, घोडे होते, पाताळातले लोक होते. मग नंदाकडे बघितलं आणि म्हणालो, "काही नाही हो काका. लग्न करून आलो."

तांबे काका खदाखदा हसले. "परब, तुम्ही म्हणजे ना! काहीतरी पटेल असं तरी सांगा!"

नंदाने शांतपणे माझ्या हातातून पर्स घेतली, तिची चेन उघडली आणि लग्नाचा दाखला काढून त्यांच्या पुढ्यात धरला.