विहिरीतला हुंकार आणि दीपमालाचा फोन

माझी नात दीपमाला जळगावात डाळ मिलची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. यंत्रं जातात आफ्रिकेत, बिघडली की तिथले मिस्त्री हिला व्हिडिओवर फोन लावतात. बोलणं इंग्रजीत. तिचं इंग्रजी आमच्या सोनगीरच्या चालीवर धावतं. मला तर ऐकायला फार गोड वाटतं. मिस्त्री मात्र "येस, येस" म्हणत आणि नेमकं उलटं करून ठेवत.

साहेबांनी शनिवारचा उच्चारांचा क्लास लावला. पोरगी आरशासमोर ओठ वाकडे करत बसायची. वर साहेब म्हणाले, आणखी एक तक्रार आली तर हे फोन अमनकडे. अमन तिच्याच ऑफिसातला, इंग्लिश मीडियमचा.

"आबा, माले काम सगळं बठ्ठं येस," ती चिडून अहिराणीत म्हणाली. "मंग मनं तोंडच आडं येस का?"

मला आमची विहीर आठवली. ती खोदताना माझा दोस्त चिंधा तळाशी दोराला दगड बांधायचा, मी वर यारीवर, म्हणजे दगड ओढायच्या चाकावर. तो ओरडला की मी नुसता हुंकार देई. एकदा अर्धवट बांधलेला दगड मी ओढला, तो निसटून चिंधाच्या पायाशी पडला. त्यानं वर येऊन माझा असा उद्धार केला की काय सांगू! त्या दिवसापासून नियम झाला: खालचा बोलेल ते वरच्यानं परत बोलायचं, मगच चाक फिरवायचं. हे सगळं तिला ऐकवलं. आधीही ऐकवलं होतं म्हणे.

रविवारी घरीच फोन आला. डाळीचा चुरा होत होता. साहेबही फोनवर. दीपमालानं सगळं सांगितलं, तिकडून "येस, येस". तिनं दम घेतला आणि त्याला विचारलं, आता काय काय करणार ते मला सांगा. साहेब मध्येच म्हणाले, गिऱ्हाइकाची परीक्षा घेता का? तिनं मिस्त्रीला बोलू दिलं. मिस्त्रीनं सांगितलं, त्यात पट्टा सैल करायचंच राहिलं होतं. तिनं तेवढंच पुन्हा सांगितलं, त्यानं परत म्हणून दाखवलं. थोड्या वेळानं त्यानं मूठभर अख्खी डाळ कॅमेऱ्यासमोर धरली.

फोन तिच्याकडेच राहिला. मी खूश होऊन चिंधाला कळवायला निघालो.

"क्लास बंद नही व्हयना, आबा," ती आरसा पुसत म्हणाली. "सायेब म्हने, उच्चार तरी सुधारा."