पेवाच्या तोंडाशी

त्या सकाळी दादानं मला तीनदा हाक मारली, आणि तिन्ही हाका मला स्वच्छ ऐकू आल्या. हे आधीच कबूल करतो. पुढे जे घडलं ती कृपा होती असं मी मानतो, पण तिची गरज माझ्याच घमेंडीमुळे पडली.

निजामाच्या अमलात कुंभार पिंपळगावच्या शाळेत मी मास्तर होतो. पालखीतून येणारे महाराज, पुढे वाजंत्री, मागे तुपाचे डबे, यांची चेष्टा करण्यात माझी बरीच वर्षं मजेत गेली. मग औरंगाबादेहून आणलेल्या एका पुस्तकात बुद्धाची शिकवण वाचली. श्वास आत येतो तो जाणावा, बाहेर जातो तो जाणावा. मनात जे उठेल ते पाहावं आणि सोडून द्यावं. ना पालखी, ना तूप. मला पटलं. रोज सकाळी दार लावून, धुतलेल्या चादरीची घडी घालून मी बसू लागलो. तेवढा वेळ घरात भांडं वाजता कामा नये, असा दंडकही घातला. थोरल्या वहिनी म्हणायच्या, "भावजी, त्या महाराजाच्या पायी निदान जेवाय तरी मिळतं. तुमच्या पायी शिंकायचीबी चोरी!" मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

त्या दिवशी बाजार होता. गाडी जुंपून उभी होती आणि दादानं परसात जमिनीखाली खणलेलं ज्वारीचं पेव उघडलं होतं. महिनोन्‌महिने बंद असलेल्या पेवात हवा कोंडून विषारी होते. म्हणून आमच्याकडे आधी दोरीनं पेटता कंदील सोडतात. तो विझला तर माणूस उतरत नाही. कंदील माझ्या खोलीत होता.

"मास्तर, कंदील आण रे!" दादा ओरडला. मी मनात म्हटलं, आवाज आला. दुसऱ्यांदा ओरडला, मनात राग उठला, तोही मी पाहिला आणि सोडला. तिसऱ्या हाकेला तर मी जागचा हललोही नाही, आणि या प्रगतीचं मला कौतुक वाटलं. मग सगळं शांत झालं. ती शांतता मी ध्यानाच्या खात्यात जमा केली. ती मोडली वहिनींच्या किंकाळीनं.

कंदील उचलून धावलो. दादा वाट पाहून कंटाळला आणि तसाच उतरला होता. खाली अंधारात ज्वारीच्या ढिगावर त्याचं धोतर तेवढं दिसत होतं. घशातून घरघर येत होती. "भावजी, उतरा ना! बघत काय राह्यलात?" वहिनी माझा दंड हलवत होत्या. मी काठावरून पाय आत सोडले, तोच मागून कुणीतरी माझी मानगूट धरली.

एक धनगर होता, म्हातारा. परसामागून मेंढरं घेऊन चालला होता. त्या वाटेनं मेंढरं एरवी जात नसत. "उडी मारू नगं," तो म्हणाला. "एकाच्या जागी दोन मढी काढायला मला येळ न्हाई. आधी कंदील पेटवून सोड."

कंदील पुरुषभर खाली गेला आणि विझला. म्हाताऱ्यानं खांद्यावरची घोंगडी दोरीला बांधली आणि पोहऱ्यासारखी वरखाली हापसू लागला, आतली हवा ढवळून बाहेर काढायला. मला म्हणाला, "तू नुसता दम धर. आत गेल्यावर लागंल."

खाली दादाची घरघर बारीक होत होती आणि मला थांबून राहणं भाग होतं. इतकी वर्षं श्वास मोजले, पण श्वास म्हणजे काय ते त्या काठावर कळलं. एक माझा, एक त्याचा. मनात उडी उठली, भीती उठली, आणि भावासाठी मेलेला मास्तर म्हणून गाव काय म्हणेल, हेसुद्धा त्या वेळी उठलं. ते पाहिलं. लाज वाटली, तीही पाहिली. विसाव्या श्वासाला कंदील पेटवून पुन्हा सोडला. ज्योत वाकली, निळसर झाली, पण राहिली.

"आता जा. जल्दी!"

कमरेला दोरी बांधून उतरलो. छाती भरून घेतलेला श्वास सोडला नाही, घाई केली नाही. दादाच्या काखेतून दुसरी दोरी घातली, गाठ दोनदा तपासली. वर म्हातारा, वहिनी आणि किंकाळी ऐकून धावत आलेला गाडीवान ओढत होते. आधी दादा गेला, मग मी.

उजेडात आणल्यावर बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "झालं का ध्यान?"

मी म्हाताऱ्याच्या पाया पडायला वाकलो. तो घोंगडीतली ज्वारी झटकत होता. "पाया मागून पड," तो म्हणाला, "मेंढरं कुणाच्या वावरात शिरली असतील." आणि गेला. पुढे कित्येक बाजारांना मी त्याची चौकशी केली. पत्ता लागला नाही. त्याला कुणी धाडलं, यावर मी वाद घालत नाही. इतकंच म्हणतो, की शरण जाणं मी पुस्तकात वाचलं होतं, आणि त्या दिवशी एका घट्ट हातानं ते मानगूट धरून शिकवलं.

अजूनही रोज बसतो. चादरीची घडी गेली, दार उघडं असतं. वहिनी मुद्दाम भांडी वाजवतात. कंदील बाहेर खुंटीला टांगलेला असतो. आणि दादानं हाक मारली, की पहिल्याच हाकेला उठतो.