शंतनूचा उजवा हात

न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट विंडसरच्या टिपणिसांचा शंतनू चेंडू फेकतो हे आपल्या मंडळींत सगळ्यांना ठाऊक होतं. कसला चेंडू आणि कशासाठी, ते मात्र फार थोड्यांना. मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर उभं राहून, समोरच्याला मारताच येऊ नये असा चेंडू टाकणाऱ्याला बेसबॉलमध्ये पिचर म्हणतात, एवढं समजायला त्याच्या आईला, मालिनीला, दोन वर्षं लागली. २००१ साली तो पंधरा वर्षांचा असताना शाळेचे कोच घरी आले आणि म्हणाले, या मुलाचा हात देवाने दिलेला आहे. ते बाकी काय बोलले ते मालिनीच्या डोक्यावरून गेलं. हे एक वाक्य तेवढं तिने मनात जपून ठेवलं.

त्याचे वडील गिरीश न्यूयॉर्कला एका बँकेत डेटाबेस सांभाळायचे. मुलाने इंजिनिअर व्हावं, चेंडू शनिवार-रविवारी फेकावा, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. पण २००४च्या जूनमध्ये एका मोठ्या क्लबने शंतनूला बाविसाव्या फेरीत निवडलं.

"म्हणजे एकवीस वेळा नको म्हणाले, मग तुझा नंबर लागला. असंच ना?" गिरीशनी विचारलं.

"बाबा, तीस टीम्स आहेत. माझ्या आधी सहाशेच्या वर मुलं गेली."

"मग तर फारच छान."

शेवटी बापलेकांत ठरलं, चार वर्षं. तेवढ्यात वरच्या लीगपर्यंत पोचला तर ठीक, नाहीतर मुकाट्याने कॉलेज. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत राजारामकाका सगळ्यांदेखत म्हणाले, "अरे, फेकायचाच होता तर क्रिकेटचा फेकायचास, निदान आम्हाला टाळ्या कुठे वाजवायच्या ते कळलं असतं." सगळे हसले, शंतनूही हसला. मालिनी हसली नाही. घरी येऊन तिने लाल कापडात नारळ बांधला, देव्हाऱ्यात ठेवला आणि कुलदेवी एकवीरेला नवस बोलली, की लेक वरच्या लीगमध्ये पोचला की त्याला कार्ल्याचा डोंगर चढायला लावीन आणि तुझी ओटी भरीन. नवस कुणाला सांगायचा नाही आणि तो फिटेपर्यंत त्या कामाबद्दल वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, ही तिच्या माहेरची रीत होती. तिने ती कटाक्षाने पाळली.

पुढची दोन वर्षं शंतनू खालच्या लीगमध्ये गावोगाव फिरला. आठ-आठ तासांचा बसप्रवास, कुणा अनोळखी कुटुंबाच्या घरी तळघरातली खोली, जेवायला बहुतेक वेळा पीनट बटर. दर रविवारी फोन यायचा. मालिनी मेतकूट पाठवायची, आणि त्या घरच्या बाई ते सूपवर भुरभुरवतात हे ऐकून तिला हसूही यायचं आणि बरंही वाटायचं. २००६च्या ऑगस्टमध्ये दोघं पाच तास गाडी चालवून त्याचा सामना बघायला गेले. माइकवरच्या माणसाने आडनावाचं पार वाटोळं केलं. पण शंतनूने पहिला चेंडू टाकला, फळ्यावर ताशी चौऱ्याण्णव मैल असा आकडा उमटला आणि आजूबाजूची माणसं एकदम ताठ होऊन बसली. गिरीश उभेच राहिले. मांडीवरचे पॉपकॉर्न खाली सांडले तरी त्यांना पत्ता नव्हता. परतीच्या वाटेवर ते कॉलेजबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

सप्टेंबरमध्ये सीझन संपला, शंतनू घरी आला. दसऱ्याच्या पूजेनंतर मालिनी तीर्थ द्यायला लागली, तर त्याने डावा हात पुढे केला.

"डावा काय करतोस? उजवा कर," ती म्हणाली.

त्याने उजवा पुढे आणला. कोपर सरळच होईना. आतल्या बाजूला सूज होती. गिरीश बाहेर फोनवर होते.

"आई, बाबांना नको सांगू. क्लबला तर नाहीच. माझ्या जागेसाठी चार जण टपलेत. विश्रांती घेतली की बरं होईल."

मालिनीने सांगितलं नाही. त्याने फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बर्फाच्या पिशव्या तिने काढून टाकल्या. बर्फाने सांध्यात वात धरतो हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. गिरीश सहाच्या गाडीने गेले की ती नारायण तेल कोमट करायची, त्याचं कोपर मांडीवर घेऊन स्तोत्र म्हणत हलक्या हाताने चोळायची, वर ओव्याच्या पुरचुंडीने शेक द्यायची. एवढा वाढलेला मुलगा डोळे मिटून बसायचा. दिवाळीपर्यंत सूज उतरली. हात सरळ झाला. देवीने ऐकलं, असं तिला अगदी आतून वाटलं, आणि मग डॉक्टरचं नाव काढणं हा तिला अविश्वास वाटायला लागला.

जानेवारीत क्लबच्या ट्रेनरचा फोन आला. खेळाडूंच्या हाडास्नायूंची काळजी घेणारा हा माणूस दर हिवाळ्यात सगळ्यांना फोन करायचा. शंतनू बाहेर पळायला गेला होता. ट्रेनरने मालिनीलाच विचारलं, हात कसा आहे त्याचा, काही दुखणंखुपणं? मालिनीने देव्हाऱ्याकडे पाहिलं. नवस अजून बाकी होता.

"फाइन, फाइन," ती म्हणाली. "व्हेरी गुड. गॉड्स ग्रेस."

त्याने आभार मानून फोन ठेवला. शंतनूला तिने एवढंच सांगितलं, की फोन आला होता आणि मी छान म्हणाले. तो थोडा वेळ बुटांच्या नाड्यांशी खेळत राहिला आणि मग थँक्स म्हणाला.

मार्चमध्ये फ्लोरिडाच्या शिबिरात, तिसऱ्या आठवड्यात, चेंडू टाकताना त्याच्या कोपरात काहीतरी तुटल्यासारखं वाजलं. पुढे ऑपरेशन झालं. मनगटातला एक स्नायुबंध काढून कोपरात बसवला. डॉक्टर म्हणाले, आतली इजा जुनी दिसते, कधीपासून दुखत होतं? मालिनी तिथेच बसली होती.

"शिबिरातच सुरू झालं," शंतनू म्हणाला, आणि आईकडे त्याने पाहिलंही नाही.

वर्षभर तो हात पुन्हा शिकवत राहिला. आधी रबराचा पट्टा ओढायचा, मग दहा पावलांवर टाकायचं, मग वीस. २००८च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा उंचवट्यावर उभा राहिला तेव्हा चेंडू शहाऐंशीच्या वर जाईना. जूनमध्ये क्लबने त्याला बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि तीन मिनिटांत करारातून मोकळं केलं. चार वर्षं बरोबर पुरी झाली होती.

तो घरी आला तो रविवार होता. गिरीश दुपारपासून कॉम्प्युटरवर बसले होते. चहाच्या वेळी त्यांनी दोघांना बोलावून क्लबला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. चांगलं दोन पानी होतं. आमच्या मुलाला तुम्ही वापरून फेकलंत. तुमच्या ट्रेनरने आख्ख्या हिवाळ्यात एकदाही चौकशी केली नाही. अशा बेजबाबदार माणसाला कामावर ठेवू नये.

मालिनीच्या हातात कपबशी होती. ती तिने ओट्यावर ठेवली.

"विचारलं होतं त्याने," ती म्हणाली. "मला विचारलं होतं. मी म्हणाले, हात छान आहे."

"आई, स्टॉप. लेट इट गो."

"दसऱ्यापासून दुखत होतं. मी तेल लावत होते, आणि मला वाटलं..."

शंतनूने सांगितलं, मीच तिला गप्प राहायला सांगितलं होतं. मग तो आणि मालिनी दोघंही एकमेकांचा दोष स्वतःवर ओढून घ्यायला लागले, आणि गिरीश आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले. एवढं घरात घडत होतं आणि ते रोज सहाच्या गाडीने जाऊन सातच्या गाडीने परत येत होते. त्यांनी पत्र पुसून टाकलं. मालिनीला वाटलं, आता आपल्याला बोलतील, आणि बोलावं असंच तिला वाटत होतं. पण त्यांनी खुर्ची ओढून मुलासमोर नेली.

"अजून दुखतं?"

शंतनूने नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"हो," तो म्हणाला. "रोज."