पाचव्या रेघेनंतर

सर खोटं बोलले आणि मी गप्प बसले. राग दोन्हींचा आहे, अजूनही.

शाळा सातवीतच सुटली होती. भंडाऱ्याहून नगरला आले, तेव्हा इथल्या फार्मसी कॉलेजातल्या मॅडमनी मला प्रयोगशाळेत काचसामान धुवायला ठेवलं. सावेडीतली खोलीही त्यांनीच बघून दिली. हे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच काम जाण्याची धास्ती कायम.

मॅडम एका औषधाच्या मापाचं प्लास्टिक बनवत होत्या. "चिखलात खूर उमटतो ना? जनावर गेलं तरी खळगा राहतो," त्या मला म्हणाल्या होत्या. "औषधाभोवती प्लास्टिक घट्ट करायचं, दळायचं, मग औषध धुऊन काढायचं. त्या खळग्यात पुढे तेच औषध बसेल, दुसरं नाही."

धुणं माझ्याकडे. भुकटीतून गरम मिथेनॉल फिरवायचं, रोज बदलायचं. निघालेल्या मिथेनॉलमध्ये यंत्राला औषध दिसेनासं होईपर्यंत थांबायचं नाही. प्रत्येक धुण्याला मी बाटलीवरच्या पट्टीवर एक रेघ मारायचे.

पाचव्या रेघेनंतर सरांनी हीटर बंद केला. मॅडमच्या हाताखाली पीएचडी करणारे हे सर श्रीगोंद्याचे. घाईत असले की गावचं बोलायचे.

"सर, औषध अजून निघतंय."

"ताई, खरकटी भांडी हायत का ही, घासत बसायला? सोमवारी मॅडमला आकडे दाखवायचेत."

सोमवारी औषध घातलेल्या पाण्यात टाकून बघितलं, तर भुकटीनं ते धरलं तर नाहीच, उलट आतलंच पाण्यात सोडलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ताईंनी नीट धुतलं न्हाई."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांपुढे खोली आली, घरचा लांबचा रस्ता आला, आणि तोंड उघडेना. "पुन्हा धुवा," एवढंच त्या म्हणाल्या. सातवी शिकलेल्या बाईला मोजता येत नाही, हे सगळ्यांना किती सहज पटलं!

भुकटी पुन्हा चढवली. नव्या पट्टीवर तीन रेघा झाल्या आणि सरांचा हात परत बटणाकडे गेला. माझं डोकं तडकलं. मी पेन पुढे केलं.

"बंद करा. पण इथं, रेघेपुढे, सही करा."

"लई शहाण्या झाल्या की!" सर हसले. सही काही केली नाही. पण हात मागे घेतला.

मॅडम दारात उभ्या होत्या. "मागच्या वेळी किती रेघा होत्या?"

"पाच," मी म्हणाले. "आणि हीटर मी बंद केला नव्हता."