राहीबाईने काढलेला माग

टेनिस म्हणजे काय हे राहीबाईला शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही. त्याची मोजणी तर तिला शुद्ध वेडेपणा वाटे. पहिला गुण पंधरा, दुसरा तीस, मग पंचेचाळीस यायला हवेत तर येतात चाळीस! पण कारखान्याच्या क्लबात कोण कसं खेळतं, हे तिच्याइतकं खरं कोणालाच सांगता आलं नसतं. आणि तेही एकसुद्धा खेळ डोळ्यांनी न बघता.

श्रीरामपूरच्या अलीकडे एका साखर कारखान्याच्या वसाहतीत साहेब लोकांचा क्लब होता आणि क्लबामागे मुरमाचं कोर्ट. राहीबाई मूळची तिसगावकडची. ऊसतोडीच्या टोळीबरोबर नवऱ्यामागून आली. नवरा आसाराम कारखान्याच्या फाटकावर कामाला लागला, टोळी परत गेली आणि ही दोघं इथलीच झाली. कोर्टाचं काम तिच्याकडे आलं ते तिच्या हातच्या सारवणामुळे. रोज सकाळी झाडायचं, पाणी मारायचं, आठवड्यातून दोनदा शेणकाला फिरवायचा आणि वाळलं की चुन्याच्या रेघा ओढायच्या. गाळपाच्या दिवसांत गाडीतळ बैलांनी भरलेला असे, त्यामुळे शेणाला तोटा नव्हता. संध्याकाळी साहेब खेळायला येत तेव्हा राहीबाई चुलीपुढे भाकरी थापत असे. सकाळी तिच्या वाट्याला यायच्या त्या फक्त त्यांच्या पावलांच्या खुणा.

माग काढायला ती लहानपणीच शिकली होती. माळावर बापाची गुरं राखताना चुकलेली गाय खुरांवरून हुडकून आणायची, आणि गाय लंगडते का, दमली आहे का, हे गाय दिसायच्या आधीच सांगायची. इथे गुरांच्या जागी साहेब आले, एवढाच काय तो फरक. झाडू हातात घेण्याआधी ती पदर खोचून कोर्टाला एक फेरी मारायची आणि कालचा सगळा खेळ तिला जमिनीवर वाचता यायचा. अक्षरं मात्र तिला वाचता येत नव्हती.

क्लबात खरे खेळाडू दोनच. वर्कशॉपचे इंजिनिअर शमशेर इनामदार आणि शेतकी अधिकारी रंगनाथ आढाव. सव्वीस जानेवारीचा चषक इनामदारांनी ओळीने तीन वर्षं नेला होता आणि तिन्ही वर्षं समोर हरायला आढावच होते. दोघांत श्रेष्ठ कोण, यावर क्लबाच्या व्हरांड्यात चहाच्या किटल्या रिकाम्या होत. विम्बल्डनची बातमी छापून आली की कोणी इनामदारांना एका जगज्जेत्याच्या पंगतीला बसवी, कोणी आढावांना दुसऱ्याच्या. ज्यांना धड सर्व्हिस मारता येत नसे त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा.

राहीबाईचा निवाडा साधा होता. आढाव साहेब म्हणजे मोकाट सुटलेला खोंड. सर्व्हिस मारली की थेट जाळीकडे धाव. जिंकले तरी तिथे खड्डे, हरले तरी खड्डे, आणि ते बुजवायचे तिने. इनामदार साहेब मागच्या रेघेपाशी. त्यांची पावलं आखूड, एका मापाची, पाभरीने पेरल्यासारखी ओळीत. समोरचा थकेपर्यंत ते चेंडू परत देत राहत, घाई म्हणून कधी नाही. कोर्ट ओलं असलं की मधून न जाता लांबच्या कडेने वळसा घालून जाणारे साहेबही तेवढे एकच. "तुमची मेहनत कशाला तुडवायची, राहीबाई," असं म्हणायचे.

हे सगळं तिच्या पोटातच राही. आसारामला सांगायला जावं तर तो म्हणे, "तुला काय करायचं साहेबाच्या पायाचं? श्यान लाव अन् घरी ये." बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. राहीबाईचे गहू आयुष्यभर कोणी विचारले नव्हते.

सत्तर सालच्या दिवाळीनंतर इनामदारांच्या मागात तिला काही वेगळं दिसलं. डाव्या पावलाच्या पुढे मुरमावर एक बारीक ओरखडा. तिला वाटलं, बुटाचा तळ सुटला असेल. पंधरा दिवसांनी साहेबांचे बूट नवे आले, तळाची नक्षी बदलली, ओरखडा तोच राहिला. पुढे तो बोटभर झाला. पाऊल उचललं जात नव्हतं, ओढलं जात होतं. शिवाय साहेब आता नेहमीच्या जागेपासून वीतभर डावीकडे उभे राहत होते, त्या बाजूला पळावं लागू नये म्हणून. त्यांना स्वतःला तरी हे कळलं होतं की नाही, देव जाणे. आजार हत्तीच्या पावलाने येतो म्हणतात, हा मुंगीच्या पावलाने येत होता आणि तो फक्त राहीबाईला दिसत होता.

गाय अशी चालायला लागली असती तर तिने त्याच दिवशी बापाला सांगितलं असतं. पण एवढ्या मोठ्या साहेबाला "तुमचा पाय वढतोय" असं शेणाच्या हातांनी सांगायचं कसं? एकदा ते विसरलेली रॅकेट न्यायला सकाळी आले. शब्द तिच्या ओठांवर आले होते. "बरं आहे ना, राहीबाई?" त्यांनी विचारलं. "व्हय साहेब," ती म्हणाली, आणि ते गेले. पायरी चढताना त्यांनी कठड्याला धरलं, तेही तिने पाहिलं.

जानेवारीत एके सकाळी आढाव साहेब एकटेच कोर्टावर आले. राहीबाईची फेरी चालू होती.

"राहीमावशी, झाडायच्या आधी तुम्ही रोज हे काय बघता?"

"काय न्हाई. काल कोन कसं खेळलं त्ये बगते."

आढाव हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. तिच्या शेजारी उकिडवे बसले. "मग मी कसा खेळतो?"

"तुमी लई उकरता. पन उजव्या कोपऱ्यात तुमची टाच घसरती. तितं तुमी बिचकता."

आढावांनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. ते खरं होतं आणि आजवर त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आणि इनामदार?"

राहीबाईचं वय तेव्हा चाळीस. या चाळीस वर्षांत तिला कोणी तिचं मत विचारलं नव्हतं, आणि आज एक शिकलेला साहेब तिच्या शेजारी मातीत बसून विचारत होता. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जिभेला हाड नसतं, आणि त्या दिवशी तिच्या जिभेला लगामही राहिला नाही. तिने झाडूच्या दांड्याने एकेक ओरखडा दाखवला. साहेब कुठे सरकून उभे राहतात ते दाखवलं. पाय दिवाळीपासून ओढतोय, हेही सांगितलं. आढावांनी ओरखड्यावर बोट ठेवून त्याची लांबी पाहिली.

"हे कोणाला बोलू नका, मावशी."

ती कोणाला बोलली नाही. दिलेला शब्द पाळला याचा तिला तेव्हा अभिमान वाटला, आणि पुढे आयुष्यभर तिला सगळ्यात जास्त तेच बोचत राहिलं.

सामना तिने पाहिला नाही. सत्तावीस जानेवारीच्या सकाळी तो तिने जमिनीवर पाहिला. आढावांनी जवळजवळ प्रत्येक चेंडू इनामदारांच्या डाव्या बाजूला टाकला होता. तिकडे ओरखडेच ओरखडे होते, काही वीतभर लांब. आणि अगदी कोपऱ्यात, रेघेच्या आत, दोन तळहातांचे ठसे होते आणि एका गुडघ्याचा. तिने झाडू खाली ठेवला. मग उचलला, कारण कोर्ट झाडायचंच होतं.

चषक आढावांनी नेला होता. चार दिवसांनी त्यांच्याकडून तिच्यासाठी हिरवं लुगडं आलं. आसाराम खूश झाला. राहीबाईने ते ट्रंकेच्या तळाशी घातलं आणि लेकीच्या लग्नातसुद्धा बाहेर काढलं नाही.

जूनमध्ये इनामदार वर्कशॉपच्या जिन्यावरून पडले. पुण्याला नेलं, तेव्हा मणक्यात गाठ निघाली. गाठ काढली, जीव वाचला, डाव्या पायातली ताकद मात्र गेली ती गेलीच. सहा महिने आधी आणलं असतं तर पाय राहिला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाल्याचं वसाहतीत सगळ्यांच्या तोंडी झालं. राहीबाईनेही ते नळावर ऐकलं. घागर भरून वाहायला लागली तरी ती तशीच उभी होती.

बहात्तरला पाऊस आला नाही. प्यायलाच पाणी नाही तिथे कोर्टाला कुठलं? ते बंद पडलं आणि राहीबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिथे तिला एक खोड लागली. कोणी विचारो न विचारो, ती बायकांना अडवून सांगायची, तुझी टाच घासतीय, तुझं पाऊल आत वळतंय, डाक्टरला दाव. बायडाबाई नावाची तिची जोडीदारीण वैतागून म्हणायची, "आगं, लोकांच्या पायाकडं काय बगती, खडी बग." पण राहीबाई थांबली नाही. ही खोड तिला लागली त्याला एक सकाळ कारण होती, आणि ती तिने कोणालाच कधी सांगितली नाही.

इनामदार पुण्याहून परत आल्यानंतरची, एकाहत्तरच्या दिवाळीच्या सुमाराची ती सकाळ. नोकरी सोडून ते नगरला आपल्या घरी निघाले होते. सामान ट्रकमध्ये चढत होतं. काठी टेकत टेकत ते एकटेच कोर्टावर आले. तिने नुकताच शेणकाला फिरवला होता आणि हात धूत होती. ते कोपऱ्यावर थांबले.

"राहीबाई, आढाव पुण्याला मला भेटायला आले होते. फार रडले. त्यांनी सगळं सांगितलं." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "डॉक्टर विचारायचे, हे केव्हापासून? मला सांगता येत नव्हतं. बेगमलाही येत नव्हतं. तुम्हाला येत होतं."

तिने ओले हात पदराला पुसले.

"त्यांना सांगितलंत. मला का नाही सांगितलं?"

राहीबाईपाशी खरं तेवढंच होतं, आणि ते तिच्या तोंडून गेलं.

"त्येंनी इचारलं, साहेब. तुमी कदी इचारलं न्हाई."

इनामदारांनी मान हलवली, जशी चुकलेल्या चेंडूनंतर हलवत असतील तशी, आणि काठी पुढे टाकली. ट्रक पलीकडच्या बाजूला उभा होता. कडेने वळसा घातला तर त्या पायाने फार लांब पडलं असतं.

"मदनं जावा, साहेब," ती म्हणाली. "जवळ पडंल. म्या पुन्ना सारवीन."

"ओलं आहे ना," ते म्हणाले, आणि पाय ओढत कडेकडेने, लांबच्या वाटेने गेले.